चामखीळ काढण्याआधी ती चामखीळच आहे ना?

मराठीत ‘चामखीळ’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मानेवर लोंबणारा कातडीचा मऊ, बारीक दाणा चामखीळ, बोटाच्या पेरावर उगवलेला खरखरीत, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा कण चामखीळ, आणि पन्नाशीनंतर पाठीवर किंवा कानशिलावर मेण चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी डागही चामखीळच. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपचारही वेगळे. मानेवरचा मऊ दाणा संसर्गाने होत नाही. तो वय, वजन आणि कातडीच्या घर्षणाशी जोडलेला असतो, आणि त्याच्यासोबत मानेची कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो काढण्याआधी रक्तातील साखर तपासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. तपकिरी मेणचट डागही विषाणूचे नसतात. खरी चामखीळ म्हणजे खरखरीत पृष्ठभागाची, विषाणूमुळे होणारी वाढ, आणि पुढचे सारे विवेचन तिच्याविषयीच आहे.

हा विषाणू म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे 200 हून अधिक प्रकार माहीत आहेत. हातापायांवर चामखिळी उठवणारे प्रकार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंध असलेले 16 व 18 क्रमांकाचे प्रकार एकाच घराण्यातले असले तरी एक नव्हेत, त्यामुळे मुलाच्या बोटावरची चामखीळ पाहून कर्करोगाच्या भीतीने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. कातडीवरच्या बारीक ओरखड्यातून किंवा पाण्याने मऊ पडलेल्या जागेतून विषाणू आत शिरतो आणि चामखीळ दिसू लागायला सहसा दोन ते सहा महिने जातात. म्हणूनच ती तालमीत लागली, पोहण्याच्या तलावाकाठी अनवाणी फिरताना लागली की घरातल्याच कोणाकडून आली, हा शोध बहुधा निष्फळ ठरतो. चामखिळीचे रक्त सांडले की नवी उगवते असे आपल्याकडे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. विषाणू रक्तात नसतो, वरच्या कातडीत असतो, पण खाजवणे, नखे कुरतडणे आणि दाढीचे पाते यांमुळे तो शेजारच्या जागेत पेरला जातो. हनुवटीवर एका ओळीत उठलेल्या चामखिळी दिसल्या तर कारण पात्यात शोधावे. त्या जाईपर्यंत तेवढ्या भागावर पाते फिरवू नये, आणि केशकर्तनालयात गेल्यास नवे पाते लावायला सांगण्याचा संकोच करू नये.

सर्वांत जास्त घोटाळा तळपायाला होतो. कोल्हापुरात चपलेचा अंगठा आणि कडक तळ यांना सरावलेल्या पायांना कुरूप होणे नवीन नाही, त्यामुळे तळपायाला काही टोचू लागले की ते कुरूपच, असे आपण ठरवून टाकतो. मीही तेच केले. टाचेजवळचा टणक भाग कुरूप समजून मी ब्लेडने तासत राहिलो, आणि चार महिन्यांत त्याच्याभोवती आणखी तीन बारके ठिपके उठले. खरे तर फरक घरीच कळू शकतो. पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा, मऊ झालेली वरची कातडी हलकेच घासावी आणि उजेडात नीट पाहावे. कातडीवरच्या रेषा त्या जागेवरून सरळ पुढे जात असतील आणि मधोमध पिवळसर, काचेसारखा टणक गाभा असेल तर ते कुरूप असण्याची शक्यता जास्त. रेषा तिथे पोहोचून तुटत किंवा बाजूने वळसा घेत असतील आणि आत मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसत असतील तर ती चामखीळ. या ठिपक्यांना लोक ‘मूळ’ म्हणतात आणि सुईने उपसून काढू पाहतात, परंतु ते गोठलेल्या रक्ताने भरलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे असतात. आणखी एक खूण अशी की कुरूप वरून दाबले की दुखते, तर चामखीळ बहुधा दोन बोटांच्या चिमटीत बाजूंनी दाबली की अधिक दुखते.

घरगुती उपायांपैकी चुना-सोड्याचा लेप, बिब्बा, शेराचा चीक आणि उदबत्तीचा चटका हे चारही टाळावेत. चुना-सोडा चामखिळीपाशी थांबत नाही, तो खालची निरोगी कातडी खोलवर जाळतो. बिब्ब्याने फोड उठून पुरळ दूरवर पसरू शकते. शेराचा चीक बोटाला राहून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. घोड्याचा केस बांधून मानेवरचा मऊ दाणा कधी गळूनही पडतो, मात्र खऱ्या चामखिळीचा बुडखा कातडीतच राहतो. तरीही हे उपाय ‘हमखास’ म्हणून टिकून आहेत याचे कारण साधे आहे. मुलांच्या चामखिळींपैकी जवळपास निम्म्या वर्षभरात आणि दोन तृतीयांशाच्या आसपास दोन वर्षांत आपोआप जातात, आणि त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते. थुजा या होमिओपॅथिक औषधाच्या गोळ्यांचीही गोष्ट याहून फारशी वेगळी नाही, त्यांचा खात्रीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. म्हणून मुलाला दुखत नसेल, संख्या वाढत नसेल, तर काहीच न करता वाट पाहणे हाही रास्त निर्णय आहे.

घरी उपचार करायचाच असेल तर सॅलिसिलिक ॲसिड हे सर्वांत भरवशाचे औषध. बोटांसाठी साधारण 17 टक्क्यांचे द्रावण औषधाच्या दुकानात मिळते. तळपायाच्या जाड कातडीला 40 टक्क्यांपर्यंतच्या पट्ट्या वापरतात, पण त्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. रात्री चामखीळ पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावी, पुसून वरची पांढरी, मेलेली कातडी कानशीने घासावी, भोवतालच्या कातडीला व्हॅसलिनचे कडे करावे आणि फक्त चामखिळीवर थेंब ठेवून तो सुकू द्यावा. ती कानस इतर नखांना लावू नये आणि घरात दुसऱ्या कोणाला देऊ नये. जागा लाल होऊन चुरचुरली किंवा रक्त आले तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा सुरू करावे. हे रोज, बारा आठवड्यांपर्यंत करायचे असते. बहुतेकांचा उपचार औषधाने नव्हे, तिसऱ्या आठवड्यातल्या कंटाळ्याने फसतो. मधुमेह असलेल्यांनी, पायांना बधिरता किंवा रक्तपुरवठ्याची तक्रार असलेल्यांनी हे औषध पायाला स्वतःहून लावू नये. चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर ते कोणीच लावू नये, आणि गरोदर स्त्रियांनी आधी विचारावे.

बारा आठवड्यांनी फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. कोल्हापुरातल्या सी.पी.आर. (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवता येते. खासगीत जायचे असेल तर फलकावर एम.डी. किंवा डी.डी.व्ही.एल. यांसारखी त्वचारोगातली पदवी किंवा पदविका आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहावा, केवळ ‘स्किन क्लिनिक’ या अक्षरांवर विसंबू नये. तिथे मुख्यतः तीन मार्ग सांगितले जातात. उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात, त्याच्या बैठका दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने होतात आणि नंतर फोड येऊ शकतो. विजेने किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळताना भूल देतात आणि चामखीळ तेव्हाच निघते, परंतु तळपायावर खोल जाळल्यास मागे राहणारा व्रण चालताना कायम टोचत राहू शकतो, याची विचारणा आधीच करावी. चामखिळी अनेक असतील तर गोवर-गालगुंड-रुबेला लस किंवा ड-३ जीवनसत्त्व मोठ्या चामखिळीत टोचून शरीराची प्रतिकारशक्ती जागी करण्याचा मार्ग आहे, त्यात न टोचलेल्याही कधीकधी झडतात. कोणताही मार्ग घेतला तरी चामखीळ परत उगवू शकते आणि आपल्या वर्णाच्या कातडीवर काही महिने काळा किंवा फिकट डाग राहू शकतो. पैसे एका चामखिळीमागे की एका बैठकीमागे, आणि अंदाजे बैठका किती, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

काही वेळा मात्र वाट पाहू नये. वाढ झपाट्याने होत असेल, वरचेवर रक्त येत असेल, जखम होऊन भरत नसेल, रंग किंवा कडा बदलत असतील, किंवा तळपायावर वा नखाखाली काळा डाग पसरत असेल तर ती चामखीळ नसून कातडीचा कर्करोगही असू शकतो, आणि अशी जागा न तपासता जाळू देऊ नये. मोठ्या माणसाला एकाएकी पुष्कळ चामखिळी उठल्या तर प्रतिकारशक्ती तपासावी लागते. गुप्तांगावरील चामखिळींसाठी जोडीदारासह डॉक्टरांकडे जावे, ती तपासणी त्वचारोग विभागातच होते.

उपचार नेमका कधी थांबवावा, हेही त्या रेषाच सांगतात. जागा सपाट झाली की औषध बंद करण्याचा मोह होतो, पण आत एखादा काळा ठिपका उरला असेल तर दीड-दोन महिन्यांत तिथेच पुन्हा खरखर लागते. पाय भिजवून उजेडात धरावा, आणि कातडीच्या रेषा त्या जागेवरून न तुटता, शेजारच्या कातडीसारख्याच सलग जाताना दिसल्या की मगच बाटली बाजूला ठेवावी.