टायर-दाबाच्या सेन्सरची गाडीत नोंद कशी करावी

गेल्या पावसाळ्यात नेरूळला एका टायरवाल्याकडे मी चाकांची अदलाबदल करून घेतली आणि आठवडाभरातच डॅशबोर्डवर पुढच्या डाव्या चाकात हवा कमी असल्याचा इशारा आला. त्या चाकात मोजून ३३ पीएसआय हवा होती. खिळा रुतला होता तो मागच्या डाव्या चाकात. चाकांच्या जागा बदलल्या होत्या, गाडीतली नोंद मात्र जुनीच होती.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि कोणता क्रमांक कोणत्या चाकाचा, हे गाडीचा संगणक लक्षात ठेवतो. काही गाड्यांत मात्र सेन्सर नसतोच. एबीएसकडून (ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेकडून) मिळणाऱ्या चाकांच्या वेगावरून हवेचा अंदाज बांधला जातो, आणि तिथे हवा भरून मेन्यूतून रीसेट करणे एवढेच काम असते. पडद्यावर प्रत्येक चाकाचा दाब आकड्यात दिसत असेल, तर सहसा आत सेन्सर आहेत असे समजावे.

आधी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे हवा भरावी, तीही गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर. दुपारच्या उन्हात घोडबंदर रस्त्यावरून येऊन लगेच मोजल्यास दाब वाढलेला दिसतो आणि तेव्हा जुळवलेली हवा सकाळी कमी भरते.

सेन्सर नवा बसवायचा असल्यास, टायर रिमवरून उतरवताना मशीनचा दाब व्हॉल्व्हपासून दूर द्यायला आवर्जून सांगावे, कारण सेन्सर तिथेच आत असतो आणि सहज तुटतो. नव्या सेन्सरवर छापलेल्या क्रमांकाचा फोटो टायर चढवण्यापूर्वीच काढावा. कोऱ्या युनिव्हर्सल सेन्सरमध्ये (ज्यात अजून क्रमांक भरलेला नाही) सेन्सर वाचण्या-लिहिण्याच्या हातातल्या उपकरणाने जुनाच क्रमांक उतरवला, तर गाडीत वेगळी नोंद करावी लागत नाही. क्रमांक नवा असेल, तर तो ओबीडी सॉकेटमधून (गाडीच्या संगणकाला उपकरण जोडण्याच्या खोबणीतून) भरावा लागतो किंवा गाडी लर्न मोडमध्ये, म्हणजे नवे क्रमांक शिकण्याच्या स्थितीत, घालून उपकरण एकेका व्हॉल्व्हजवळ धरावे लागते. चाकांचा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. पुष्कळ गाड्यांत तो पुढच्या डाव्या चाकापासून सुरू होतो आणि नोंद झाली की हॉर्न वाजतो किंवा इंडिकेटर लागतात. काढलेले जुने सेन्सर तेवढा वेळ दूर ठेवावेत, नाहीतर त्यांचाच क्रमांक पकडला जाऊ शकतो.

काही गाड्या चालता चालता स्वतःच शिकतात. त्यासाठी काही वेळ एकसारखा वेग लागतो. तीन हात नाक्याच्या गर्दीत तो मिळत नाही, भल्या पहाटे पाम बीच मार्गावर मिळतो.

गाडी सुरू करताच इशाऱ्याचा दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर दोष यंत्रणेत आहे. बहुधा सेन्सरची बॅटरी संपलेली असते. ती पाच ते दहा वर्षे टिकते आणि आत बंदिस्त असल्याने अख्खा सेन्सरच बदलावा लागतो.

नोंद झाल्यावर मागच्या डाव्या चाकातली चार पीएसआय हवा सोडावी, गाडी थोडी चालवावी आणि पडद्यावर त्याच चाकाचा आकडा उतरला आहे ना, हे पाहूनच हवा पुन्हा भरावी.