घर स्वयंचलित करताना सुरुवात पाण्याच्या मोटारीपासून करावी

सांगलीतील अनेक घरांत नळाला ठरावीक वेळी पाणी येते, ते आधी हौदात साठवले जाते आणि मग मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते. ही मोटार वेळेवर बंद करण्याची जबाबदारी घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसावर असते. लक्ष नसले की टाकी भरून पाणी पन्हाळीतून वाहू लागते, आणि हौद रिकामा झाला तरी मोटार कोरडी फिरत राहते. स्वयंचलित घर म्हटले की रंग बदलणारे दिवे आणि आवाजावर चालणारे स्पीकर आधी आठवतात. मात्र ज्या कामासाठी रोज कोणाला तरी उठावे लागते आणि जे विसरल्यास नुकसान होते, ते काम प्रथम यंत्राकडे सोपवावे, असे माझे मत आहे.

मोटारीसाठी दोन फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगत पातळीनुसार चालू-बंद होणारे स्विच, लागतात. टाकीतला फ्लोट पाणी वर आले की मोटार बंद करतो आणि पातळी उतरली की पुन्हा चालू करतो. हौदातला फ्लोट पाणी तळाला गेले की मोटार सुरूच होऊ देत नाही. टाकीतल्या फ्लोटची वायर किती मोकळी सोडायची याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांमधले अंतर त्यावरच ठरते. वायर आखूड राहिली तर कोणी नळ सोडून थोडेसे पाणी वापरले तरी मोटार लगेच सुरू होऊन लगेच बंद होते, आणि अशा वारंवार सुरू होण्याने ती तापते.

हे फ्लोट थेट मोटारीच्या वायरीत न जोडता काँटॅक्टरच्या (मोटारीची मोठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचच्या) कॉइलला जोडून घ्यावेत. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. एवढी मोटार 230 व्होल्टवर चालताना साधारण 5 ते 7 अँपिअर वीज घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट खेचते. म्हणूनच दिवा किंवा मोबाइलच्या चार्जरसाठी केलेला 10 अँपिअरचा स्मार्ट प्लग मोटारीला लावू नये. त्यातले संपर्कबिंदू वितळून चिकटले तर ॲपवर ‘बंद’ दिसत असतानाही मोटार चालूच राहते. बोअरच्या पाणबुडी मोटारीला हिरवे बटण दाबून धरण्याचा जुना स्टार्टर असेल, तर नुसता काँटॅक्टर पुरत नाही, तेथे स्वयंचलित पॅनेलच घ्यावे लागते. ओव्हरलोड रिले (मोटार जास्त वीज खेचू लागल्यास ती बंद करणारा भाग) आहे तसा ठेवावा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पॅनेलवर ऑटो आणि मॅन्युअल असा निवडीचा स्विच आवर्जून मागावा, म्हणजे एखादा फ्लोट बिघडला तरी घर पाण्यावाचून अडत नाही.

एवढे झाल्यावर मग वायफाय. त्याचा खरा उपयोग फोनवरून मोटार चालू करण्यापेक्षा ती नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली तर निरोप मिळण्यात आहे, कारण त्यावरून फुटलेला पाइप किंवा अडकलेला फ्लोट लवकर लक्षात येतो. बहुतेक उपकरणे वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावरच जोडली जातात, त्यामुळे गच्चीपर्यंत तो सिग्नल पोहोचतो का हे खरेदीपूर्वी पाहावे. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते, हे गृहीत धरून राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा. बहुतेक उपकरणांत वीज परत आल्यावर ते कोणत्या स्थितीत राहावे याची सोय असते. गिझरसाठी तेथे ‘बंद’ निवडावे, नाहीतर रात्री तीनला आलेली वीज पाणी उकळत बसते.

दिव्यांसाठी स्विचच्या मागे बसणारी रिले मॉड्यूल (विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे छोटे स्विच) मिळतात. त्यांतल्या बहुतेकांना न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, लागतो. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तेथे तो असतोच, पण पलंगाशेजारच्या सुट्या स्विचपर्यंत बहुधा आणलेला नसतो. जिन्यात आणि न्हाणीघराच्या वाटेवर हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला, तर रात्री उठणाऱ्या वृद्धांना भिंत चाचपडावी लागत नाही. मुले पुण्यात आणि आईवडील येथे, अशा घरांसाठी मला कॅमेऱ्यापेक्षा हा सेन्सर महत्त्वाचा वाटतो. कॅमेरा हवाच असेल तर तो दारापुरता ठेवावा, आईवडिलांना विचारून बसवावा आणि त्याचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

गॅसचा सेन्सर बसवताना सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो हे ध्यानात ठेवून तो जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा. या सेन्सरला एक्झॉस्ट पंखा आपोआप सुरू करण्याची जोड देण्याचा मोह होतो, पण ती कटाक्षाने टाळावी, कारण साध्या रिलेची किंवा पंख्याची ठिणगी साचलेल्या गॅसला पुरेशी असते. सेन्सरने फक्त भोंगा वाजवावा. रेग्युलेटर बंद करणे, खिडक्या उघडणे आणि कोणत्याही बटणाला हात न लावणे हे माणसाचेच काम आहे.

गावभागासारख्या कृष्णाकाठच्या वस्तीत 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या घरांनी पॅनेल आणि राउटर पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर किंवा सरळ वरच्या मजल्यावर बसवावेत आणि तळमजल्याला स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आल्यास आपोआप पडणारा स्विच) ठेवावा. घर सोडताना मुख्य स्विच हातानेच खाली ओढावा, ॲपवरच्या ‘बंद’वर विसंबू नये, कारण रिले सहसा एकच तार तोडतो आणि बाकीच्या वायरिंगमध्ये वीज राहतेच. शेवटी वायरमनकडून जोडणीचा आराखडा काढून घेऊन, कोणता फ्लोट कोठे आहे आणि मॅन्युअलवर कसे न्यायचे हे ठळक मराठी अक्षरांत लिहून तो कागद पॅनेलच्या झाकणाला आतून चिकटवावा.