मिनी कन्सोल घेऊ की इम्युलेटर टाकू? आधी गेमची यादी काढा

गेल्या दिवाळीच्या आधी मावसभावाचा फोन आला, "दादा, लॅमिंग्टन रोडला एका दुकानात तो छोटा निंटेंडो बघितला, भारी दिसतोय राव, परत जाऊन घेऊ का?" मी विचारलं काय खेळायचंय त्यावर. तो म्हणाला, "काय म्हणजे, आपलेच ना, काँट्रा, टँकवाला, रोडवरचा गाडीवाला, बदकं मारायचा आणि मारिओ." मी म्हटलं यातला एकच मिळेल, मारिओ, बाकीचे चार त्यात नाहीत. दोन सेकंद काही आवाज नाही, मागून फक्त "पुढील स्टेशन, मुंबई सेंट्रल" ऐकू आलं.

तर मिनी कन्सोल, म्हणजे जुन्या मशीनची गेम आतच भरलेली छोटी नवी आवृत्ती, घ्यायचा किंवा इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकायचा विचार करताय तर सगळ्यात आधी कागद घ्या आणि तुम्हाला नेमक्या कुठल्या गेम खेळायच्यात ते लिहा. रेट्रो गेमिंग वगैरे मोघम नको, नावं लिहा. नाव आठवत नसेल तर "टोपीवाला दगड फेकतो तो" असं लिहा, शोधता येतं. दहा नावं झाली की पुरे. पैसे, वॉरंटी, शोकेसमध्ये छान दिसतो का, ते सगळं नंतर.

कारण असं आहे की हे मिनी कन्सोल अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या पोरांच्या बालपणावर बनवलेत, आपल्या नाही. मावसभावाने बघितलेला छोटा निंटेंडो म्हणजे एनईएस क्लासिक, एनईएस या जुन्या निंटेंडो मशीनचा मिनी, २०१६ ला आला, आत ३० गेम. त्यात काँट्राचा दुसरा भाग सुपर सी आहे पण पहिला काँट्रा नाही. टँकवाला म्हणजे बॅटल सिटी, नॅमकोचा, १९८५ चा, तो त्या काळात अमेरिकेत निघालाच नव्हता, मग त्यांच्या यादीत कसा येईल. गाडीवाला म्हणजे कोनामीचा रोड फायटर, तोही नाही. आणि बदकांच्या गेमला बंदूक लागते, ती बंदूक जुन्या डब्बा टीव्हीच्या स्क्रीनवरचा उजेड नेमक्या क्षणी पकडून नेम ठरवायची, आताच्या सपाट टीव्हीवर चित्र थोडं उशिरा येतं म्हणून ती चालतच नाही, त्यामुळे डक हंटपण नाही.

आपल्याकडे घरोघरी जे होतं, मे महिन्यात दिवसाच्या भाड्याने आणायचो ते, त्यातले बहुतेक फॅमिकॉमची, म्हणजे एनईएसच्या जपानी भावाची, कॉपी असलेले डबे. कॅसेटवर ९९९९९९ इन १ लिहिलेलं आणि आत खऱ्या गेम वीस-पंचवीस, त्याच पुन्हा स्टेज बदलून. बॅटल सिटी २४ केबी, मारिओ ४० केबी, अशा बारक्या गेम एका चिपवर डझनाने मावायच्या म्हणून त्याच सगळीकडे दिसायच्या. आपलं बालपण चिपच्या साईझवर ठरलं म्हणा ना.

कुठल्या मिनीत काय आहे, माझं मत

एनईएस क्लासिक: वर सांगितलं. मारिओ १, २, ३, एक्साईटबाईक, आईस क्लायंबर, बलून फाईट, निंजा गायडन, डबल ड्रॅगन २ हे आहेत. वायर साधारण पाऊण मीटरची, म्हणजे मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं. आणि गेम बदलायला दरवेळी उठून मशीनवरचं रिसेट दाबायचं.

सुपर निंटेंडोचा मिनी २०१७ चा, २१ गेम, वायर जरा लांब. यात काँट्रा ३ आहे. शिवाय स्टार फॉक्स २, जो नव्वदीत बनून तसाच डब्यात राहिला होता तो पहिल्यांदा यातच आला. चांगली वस्तू आहे, पण सुपर निंटेंडो आपल्या ओळखीत कोणाकडे होता सांगा बरं.

प्लेस्टेशन क्लासिक, डिसेंबर २०१८, २० गेम. हा घेऊ नका. सोनीने आत जो इम्युलेटर वापरला तो पीसीएसएक्स रीआर्म्ड, म्हणजे तुम्ही आम्ही फुकट डाऊनलोड करतो तोच. वर टेकन ३ सकट बऱ्याच गेमची युरोपातली ५० हर्ट्झवाली संथ आवृत्ती टाकली, कंट्रोलरला ॲनालॉग स्टिक नाही, क्रॅश बँडिकूट नाही, ग्रान टुरिस्मो नाही. अमेरिकेत १०० डॉलरला काढला आणि थोड्याच महिन्यांत भाव धडाधड खाली आला.

सेगाचा मेगा ड्राईव्ह मिनी, २०१९, ४२ गेम. मला विचाराल तर पैसे देण्यासारखा हाच एक. जपानच्या एम टू या कंपनीने काम केलंय, त्यांना जुन्या गेम नव्या मशीनवर आणण्याचं अक्षरशः वेड आहे आणि ते खेळताना कळतं. स्ट्रीट्स ऑफ रेज २, गोल्डन ॲक्स, सोनिक, काँट्रा हार्ड कोअर सगळं आहे. तुमच्या यादीत यातले चार-पाच असतील तर पुढचं वाचू नका, खरा मिळाला तर घ्या.

मुस्तफा शोधताय? म्हणजे कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून खेळायचो तो, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३. तो या कुठल्याच डब्यात नाही. कॅपकॉमने २०१८ ला त्यांच्या मारामारीच्या सात गेमचा बंडल काढला, त्यात कॅप्टन कमांडो आणि फायनल फाईट आहेत पण मुस्तफा नाही, कारण तो एका अमेरिकन कॉमिकवर बेतलेला आणि हक्कांची भानगड वेगळी.

दुकानात काय बघायचं

निंटेंडोचे मिनी आपल्याकडे अधिकृतपणे विकले गेलेच नाहीत, म्हणजे लॅमिंग्टन रोड असो, हीरा पन्ना असो की मनीष मार्केट, जे दिसेल ते एकतर कोणीतरी बाहेरून आणलेलं आणि भाव चढवलेला, किंवा सरळ नकली. नकली ओळखणं सोपं आहे. मागे पिवळी-पांढरी-लाल एव्हीची भोकं असतील तर नकली, खऱ्याला फक्त एचडीएमआय असतं. खोक्यावर ६२० गेम लिहिलं असेल तर नकली. रिमोटची पिन बघा, खऱ्या एनईएस क्लासिकची पिन निंटेंडोच्याच वी (Wii) कन्सोलच्या ननचक रिमोटसारखी चपटी रुंद असते, नऊ टाचण्यांची नसते. दुकानदार म्हणेल "साहेब, सेम चीज है", तर सेम नाहीये, मी एकदा असाच फसलो आहे, घरी आणल्यावर मारिओच्या उडीचा आवाज बेसूर येत होता आणि बायको म्हणाली मांजर आहे का बाहेर. परत द्यायला गेलो तर "चालू तो है ना".

ऑनलाईन त्या पेनड्राईव्हसारख्या गेम स्टिक मिळतात ना, दहा हजार गेम आणि दोन वायरलेस रिमोट, त्यांचंही सांगतो. चालतात, पण रिमोटला लॅग असतो, म्हणजे बटन दाबल्यावर उशिरा हलतं, मेमरी कार्ड फालतू असतं ते मेलं की सगळं मेलं, आणि दहा हजारांत आपल्याला हव्या त्या शोधताना अंगठा दुखतो. त्यातल्या गेम अर्थातच चोरीच्या.

इम्युलेटरचा रस्ता

घरात जुना लॅपटॉप पडलाय का बघा, ऑफिसमधून आलेला किंवा पोराने टाकून दिलेला, ड्युअल कोअर आणि ४ जीबी रॅम असली तरी एनईएसपासून प्लेस्टेशन १ पर्यंत आरामात चालतं. दोन पर्याय. एक, विंडोजवरच रेट्रोआर्क टाका, एकाच ॲपमध्ये सगळे इम्युलेटर, फुकट आहे, आत प्रत्येक मशीनसाठी वेगळा कोअर, म्हणजे त्या मशीनचा इम्युलेटर, डाऊनलोड करायचा, एनईएसला नेस्टोपिया किंवा मेसेन, सुपर निंटेंडोला स्नेस९एक्स, सेगाला जेनेसिस प्लस जीएक्स. दुसरा, मला जास्त आवडतो तो, बाटोसेरा, म्हणजे इम्युलेटर आधीच भरलेली ऑपरेटिंग सिस्टीम. हे पेनड्राईव्हवर टाकायचं, पेनड्राईव्ह ३२ जीबीचा बरा, आणि लॅपटॉप त्यावरून चालू करायचा. हार्डडिस्कला हात लागत नाही, पेनड्राईव्ह काढला की लॅपटॉप पहिल्यासारखा. चालू होताना एफ२, एफ१२ किंवा एस्केप यातलं काहीतरी दाबून बूट मेनू काढावा लागतो, कंपनीप्रमाणे बदलतं, सगळी दाबून बघा. मग एचडीएमआयने टीव्हीला जोडा, झाला कन्सोल.

फोनवर खेळायचं तर खेळा, आयफोनवालेसुद्धा एप्रिल २०२४ पासून डेल्टा हा इम्युलेटर ॲप स्टोअरवरून घेऊ शकतात. पण फोनचं चित्र टीव्हीवर कास्ट करून खेळू नका, बटन दाबल्यावर मारिओ पुढच्या सोमवारी उडी मारतो. वायरने जोडायचं म्हणाल तर स्वस्त फोनच्या सी पोर्टमधून बहुतेक वेळा चित्रच बाहेर येत नाही, ॲडॅप्टर घेण्याआधी फोनच्या सी पोर्टमध्ये डिस्प्लेपोर्टची, म्हणजे चित्र बाहेर पाठवायची, सोय आहे का ते तपासा.

गेम कुठून आणायच्या हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. इम्युलेटर वापरणं बेकायदेशीर नाही, दुसऱ्याची रॉम, म्हणजे कॅसेटमधल्या गेमची फाईल, नेटवरून उतरवणं म्हणजे कॉपीराईटचा भंग, गेम १९८५ ची असली तरी. "माझ्याकडे कॅसेट होती ना" हे आपल्याकडे फारसं चालत नाही कारण ती कॅसेटच मुळात चोरीची होती, हसू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात कायदेशीर घेतलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप कॉपी ठेवायला जागा आहे, तेव्हा प्लेस्टेशनच्या खऱ्या सीडी माळ्यावर असतील तर पीसीच्या डीव्हीडी ड्राईव्हने त्यांची फाईल करून घ्या, बुरशी लागायच्या आत, मुंबईची हवा सीडीला मानवत नाही. आणि खरं म्हणजे सोपा मार्ग आहे: स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाईन दुकानात काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन आहे, त्यात एनईएसवाला काँट्रा आहे, आणि नॅमको म्युझियम आर्काईव्ह्जच्या दुसऱ्या भागात चक्क बॅटल सिटी आहे. सेल लागायची वाट बघा. मावसभावाच्या पाचातले दोन इथेच सुटले, तेही मिनीपेक्षा कितीतरी कमी पैशात.

वाचलेल्या पैशातून एक नीट कंट्रोलर घ्या, इथे कंजूसी केली तर सगळं वाया. जुन्या गेमला डावीकडचं अधिकचं चिन्ह, डी-पॅड, चांगलं लागतं, ॲनालॉग स्टिकने काँट्रा खेळणं म्हणजे हातमोजे घालून पोहे खाणं. वायरवाला यूएसबी बरा, तोही दोन घ्या, एकट्याने काँट्रा खेळण्यात काय मजा. आल्यावर फक्त उजवं दाबून धरा आणि बघा तो मधेच आपोआप खाली बसतो का, बसत असेल तर डी-पॅड बोगस आहे, लगेच परत करा.

मग लॅग. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, हे सगळ्यात आधी, निम्म्या लोकांच्या तक्रारी इथेच संपतात. तरीही उशीर वाटला तर रेट्रोआर्कमध्ये लेटन्सीखाली रन-अहेड आहे, गेममधला उशीर काही फ्रेमने, म्हणजे एकेका चित्राने, कमी करणारी सोय. गेम चालू असताना कीबोर्डवर पी दाबून थांबवा, उडीचं बटन धरून ठेवा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या, ज्या फ्रेमला मारिओ हलतो त्यातून एक वजा करा, तेवढा आकडा टाकायचा. जास्त टाकला तर तो टुणटुण झटके देत पळतो. एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदाची, ऐकायला काहीच नाही पण खड्ड्याच्या काठावर कळते. मिनी कन्सोलमध्ये हे असलं काही बदलता येत नाही, जसा दिला तसा. ज्यांना सेटिंगचं नाव काढलं की डोकं दुखतं त्यांच्यासाठी मात्र तेच बरं, सासऱ्यांना भेट द्यायची असेल तर मीसुद्धा सेगाचा मिनीच देईन, पेनड्राईव्ह देऊन रोज रात्री फोन कोण घेणार.

चित्र चार-तीनच्या मापात ठेवा. टीव्हीभर ताणलं की मारिओ जाडा दिसतो, घरातलं कोणीतरी "पूर्ण स्क्रीन कर ना" म्हणणारच, ऐकू नका.

आणि शेवटची एक गंमत. मावसभावाने पेनड्राईव्ह लावून मारिओ सुरू केला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "दादा हा फास्ट पळतोय, काहीतरी चुकलंय." चुकलं काहीच नव्हतं. अमेरिकेत-जपानमध्ये टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचे, आपले पाल टीव्ही ५०, त्यामुळे आपल्या कॉपी डब्यांवर तोच गेम साधारण सहाव्या हिश्श्याने संथ चालायचा, गाणं त्याच सुरात पण रेंगाळत. आपण ज्याला मारिओ समजत होतो तो हळू मारिओ होता. नेस्टोपियाच्या कोअर ऑप्शन्समध्ये सिस्टम रीजन आहे, तिथे डेंडी निवडा, हे ५० हर्ट्झवाल्या कॉपी मशीनचंच नाव आहे, रशियात त्या नावाने विकायचे. बदलल्यावर गेम बंद करून परत चालू करा, नाहीतर काही वेळा फरक पडत नाही.