सारख्या अर्थाची इंग्लिश विशेषणं वापरताना या चुका टाळा

ग्रामर बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी आपलं वाक्य ऐकून समोरचा क्षणभर थांबतो आणि नेमकं काय बिघडलं ते आपल्याला कळत नाही. बऱ्याच वेळा गडबड विशेषणात असते. शाळेपासून आपण एका इंग्लिश शब्दापुढे एक मराठी अर्थ असंच पाठ करत आलोय, स्लिम म्हणजे बारीक, थिन म्हणजे बारीक, स्किनी म्हणजेही बारीकच, मग बोलताना जो आधी आठवेल तो टाकून मोकळे होतो. पण स्लिम म्हटलं की कौतुक होतं, थिन म्हटलं की नुसतं वर्णन, कधीकधी तब्येतीची काळजीसुद्धा, आणि स्किनी बऱ्याच जणांना टोचतं. बारीक तर तिन्ही आहेत, फरक आहे तो बोलणाऱ्याच्या मतात.

हे मत न बघणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण डिक्शनरीत पहिला अर्थ बघून ती सापडतच नाही. नोटोरियस म्हणजे प्रसिद्ध असं वाचून कुणी "नोटोरियस सायंटिस्ट" लिहिलं तर त्या बिचाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव काहीतरी वाईट केल्यामुळे झालंय असा अर्थ निघतो, तिथे फेमस किंवा वेल-नोन हवं. काटकसरी माणसाला फ्रूगल म्हणा, स्टिंजी म्हटलं तर कंजूस झाला. चौकस मुलाला क्युरिअस म्हणतात, नोझी म्हणजे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणारा. मुलासारखा निरागस असेल तर चाइल्डलाइक, आणि मोठा होऊन पोरकटपणा करत असेल तर चाइल्डिश, हे दोन शब्द तर रोज उलटसुलट वापरलेले दिसतात.

बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञाने 1948 मध्ये बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमात याचा फार सुंदर नमुना दिला होता: मी फर्म आहे, तू ऑब्स्टिनेट आहेस, तो पिग-हेडेड फूल आहे. म्हणजे मी ठाम, तू हट्टी, आणि तो अडेलतट्टू मूर्ख. वागणं तिघांचं एकच, पण माणूस लांबचा झाला तसं विशेषण कडक होत गेलं. कुणाबद्दल इंग्लिशमध्ये लिहिताना, खास करून शिफारसपत्रात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये, हाच शब्द मी स्वतःबद्दल वापरला असता का एवढं विचारून बघा, निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

मराठीत एक, इंग्लिशमध्ये दोन

हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, आपल्याकडे दोन्ही ऐतिहासिक. पण 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला ती घटना हिस्टॉरिक, कारण तिने इतिहास घडवला. जुन्या काळाशी नुसता संबंध असेल, म्हणजे जुनी कागदपत्रं, जुन्या काळावरची कादंबरी, तर हिस्टॉरिकल. तसंच अलोन आणि लोनली. "आय लिव्ह अलोन" ही फक्त माहिती आहे, त्यात दुःख नाही, आणि "आय अ‍ॅम लोनली" म्हटलं की एकटेपणा खातोय असं सांगितल्यासारखं होतं, मग समोरचा काळजीत पडणारच. आणखी एक, अलोन नामाच्या आधी येत नाही, "अ‍ॅन अलोन मॅन" चुकीचं आहे. अफ्रेड आणि अस्लीप यांचंही तेच, म्हणून "अस्लीप बेबी" न म्हणता "स्लीपिंग बेबी" म्हणतात.

उंचसाठी टॉल आणि हाय यातला फरक खिडकीवरून पटकन कळतो. टॉल विंडो म्हणजे खिडकी स्वतःच उभी लांबलचक, अगदी जमिनीपासून सुरू झालेली असली तरी चालेल. हाय विंडो म्हणजे भिंतीत खूप वर बसवलेली, मग ती वीतभर का असेना. माणूस, झाड, इमारत यांना टॉल, डोंगराला हाय. फास्ट आणि क्विकचं पण असंच काहीतरी आहे, वेग असेल तर फास्ट, थोडक्यात आटोपलं तर क्विक, म्हणून फास्ट कार पण क्विक मीटिंग.

दिसायला भावंडं, अर्थ लांबचे

इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित, इकॉनॉमिकल म्हणजे कमी खर्चात भागणारं, त्यामुळे कमी पेट्रोल पिणारी गाडी इकॉनॉमिकल. सेन्सिबल म्हणजे समंजस, सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा. इंडस्ट्रियस म्हणजे मेहनती, त्याच्या जागी इंडस्ट्रियल लिहिलं की माणसाचा कारखाना झाला! डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वतःचा काही फायदा गुंतलेला नाही असा निःपक्षपाती, भांडण सोडवायला असाच माणूस लागतो, आणि रस नसलेला तो अनइंटरेस्टेड. आजकाल बरेच जण दोन्हीकडे डिसइंटरेस्टेडच वापरतात, पण लिहिताना फरक पाळलेला बरा.

"आय अ‍ॅम बोअरिंग" तर इतकं ऐकू येतं की विचारू नका. म्हणायचं असतं मला कंटाळा आलाय, म्हटलं जातं मी कंटाळवाणा आहे. भावना ज्याला होते त्याला बोअर्ड, टायर्ड, कन्फ्यूज्ड, आणि ज्याच्यामुळे होते त्याला बोअरिंग, टायरिंग, कन्फ्यूजिंग. अडलात तर "कोणामुळे?" असा प्रश्न विचारा, उत्तरात जे येईल त्याला इंग.

सुरुवातीच्या इन वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो दरवेळी नकारच दाखवतो असं नाही. इनव्हॅल्युएबल म्हणजे बिनकामाचं नाही, उलट अतिशय मोलाचं. इनफ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, म्हणजे फ्लेमेबलच. हा नुसता भाषेचा प्रश्न नाही, डब्यावर इनफ्लेमेबल वाचून कुणी तो निर्धास्त आगीजवळ ठेवला तर जिवावर बेतेल. पेट न घेणाऱ्यासाठी नॉन-फ्लेमेबल हा शब्द आहे.

मग शिकायचं कसं

विशेषण एकटं पाठ करू नका, त्याच्या नामासकट करा. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाचं 1950 च्या दशकातलं म्हणणं हेच होतं की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबतीवरून. पाऊस हेवी असतो, चहा आणि वारा स्ट्राँग असतो, "स्ट्राँग रेन" कुणी म्हणत नाही, आणि याला नियम शोधत बसण्यात अर्थ नाही, जोडीच लक्षात ठेवायची. थिसॉरसमधून, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशातून, भारी दिसणारा शब्द उचलायची सवय मात्र सोडाच, तिथे सगळे शब्द एका रांगेत असतात आणि छटा कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी उघडा, फुकट आहे. टीका करणाऱ्या शब्दापुढे तिथे डिसअप्रूव्हिंग असं लिहिलेलं असतं, चाइल्डिश शोधून बघा. खालची उदाहरणाची वाक्यंही वाचा, अर्थापेक्षा तीच जास्त शिकवतात.

आणि समोरचा कुठल्या देशातला आहे तेही बघा. "आय वॉज सिक" म्हटलं की अमेरिकन माणूस आजारी होता असं समजतो, ब्रिटिश माणसाला बहुतेक उलटी झाली असं वाटतं. होमली तर आणखी नाजूक आहे, ब्रिटनमध्ये घराला होमली म्हटलं तर साधं आणि हवंहवंसं, अमेरिकेत माणसाला होमली म्हटलं तर दिसायला सुमार. अमेरिकन मित्राच्या घराचं कौतुक करायचं असेल तर कोझी म्हणा.