थीसिसमधलं कॉपी-पेस्ट: विद्यार्थी आणि गाइड, दोघांनीही या चुका टाळा

मी पीजीच्या मुलांचे थीसिस तपासते, आणि दर वेळी ड्राफ्टच्या आधी प्रश्न येतो तो हाच, "मॅडम, सिमिलॅरिटी किती टक्के चालते?" पहिली चूक इथेच होते. टर्निटिन काय किंवा आयथेंटिकेट काय, मजकूर ताडून बघणारं हे सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं, चोरी झालीय की नाही ते रिपोर्ट उघडून माणसानेच बघायचं असतं. 25 टक्के आले पण ते रेफरन्स लिस्ट, प्रश्नावली आणि इकडच्या तिकडच्या बारीक तुकड्यांचे असतील तर घाबरू नका, पण 8 टक्केच आहेत आणि डिस्कशनमधले सलग दोन पॅरा एकाच पेपरमधून उचललेत, तर ते गंभीर आहे. आधी रेफरन्सेस आणि अवतरणं फिल्टरने वगळा, मग एकेक सोर्स उघडून बघा.

दुसरी चूक म्हणजे शब्द बदलले की झालं असं समजणं. मूळ वाक्य समजा असं आहे, "मधुमेहामुळे पायाची संवेदना हळूहळू कमी होते, त्यामुळे रुग्णाला जखम लवकर कळत नाही." आणि ड्राफ्टमध्ये येतं, "डायबेटिसमुळे पायाची जाणीव क्रमाक्रमाने घटते, परिणामी पेशंटला इजा वेळीच समजत नाही." सांगाडा तोच आहे, नुसते कपडे बदललेत. पेपर बंद करा, शेजारच्या मित्राला तोंडी सांगा, तेच लिहा आणि तरीही रेफरन्स द्या, कारण मुद्दा दुसऱ्याचाच आहे. शब्द बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी तर लागूच नका, छापून आलेल्या पेपरांमध्ये अशा टूल्सनी ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बुझम पेरिल’ (शब्दशः ‘छातीचा धोका’) केलेलं सापडलंय, 2021 पासून संशोधक असे शब्द शोधूनच संशयास्पद पेपर पकडतायत.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो केस जर्नलचा, म्हणजे पेशंट तपासून मुलं लिहितात त्या वहीचा. एकदा मायट्रल स्टेनोसिसच्या (हृदयाची एक झडप अरुंद होते तो आजार) पेशंटच्या हिस्टरीत लिहिलं होतं "मर्मर नाही" (मर्मर म्हणजे या आजारात स्टेथोने ऐकू येणारा हृदयाचा जादा आवाज), सिनियरच्या जर्नलमधून जसंच्या तसं उतरवलेलं, म्हणजे छातीला स्टेथो लागलाच नव्हता! याला कुणी प्लॅजिअरिझम (वाङ्मयचौर्य) म्हणत नाही पण सवय इथूनच लागते, आणि इथे समोर पेशंट असतो.

आता आम्हा शिक्षकांबद्दल. 2010 मध्ये क्रोएशियन मेडिकल जर्नलमध्ये प्लॅजिअरिझमबद्दलची मनोवृत्ती मोजणारी 29 विधानांची प्रश्नावली आली, त्यात स्वतःचाच मजकूर परत वापरला तर ती चोरी कसली, परकी भाषा नीट येत नसेल तर थोडं उचललं तर चालतं, नवख्यांना शिक्षा सौम्य हवी, अशा अर्थाची विधानं आहेत. हे सगळं मी हॉस्टेलमध्येही ऐकलंय आणि स्टाफरूममध्येही. पहिलं तर साफ चुकीचं आहे, कारण मजकुराबरोबर तोच डेटाही दोनदा छापला की मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करताना, तेच पेशंट दोनदा मोजले जाऊ शकतात आणि औषध आहे त्यापेक्षा गुणकारी वाटतं. नवख्यांना समजून घ्यावं हे मलाही पटतं, पण मग त्यांना पहिल्याच टर्मला शिकवायला नको का? आम्ही स्लाइडवर अ‍ॅटलसमधलं चित्र सोर्स न लिहिता टाकतो, काही न करता पेपरवर नाव घालून घेतो (लेखक कुणाला म्हणायचं यासाठी आयसीएमजेई या मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या समितीच्या 4 अटी आहेत, काम, लेखन, अंतिम मान्यता आणि जबाबदारी, चारही पूर्ण व्हायला लागतात), आणि मुलं ते बघत असतात.

आणि थीसिस सबमिट झाल्यावर चूक लक्षात आली तर? लपवू नका, त्याच दिवशी गाइडला मेल करा, कुठला पॅरा, कुठल्या पेपरमधून, सगळं स्पष्ट लिहा. पेपर छापून आला असेल तर एडिटरला कळवा. किरकोळ राहून गेलेला रेफरन्स असेल तर बहुतेक वेळा करेक्शनवर भागतं. मजकूर जास्त असेल तर पेपर मागे घ्यावा लागेल, पण ते तुम्ही स्वतःहून कळवलंत हे तरी नोंदीत राहील.