हत्यार लाकडात घुसतं? कातकामातल्या या चुका टाळा

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, खांबी (लांबट गोल दांडा) छान उतरत असते आणि अचानक खाडकन हत्यार आत घुसतं. तासाभराच्या कामावर नागमोडी खाच पडते. अशा वेळी नवशिके लाकडाला किंवा लेथच्या वेगाला दोष देतात. मी म्हणेन, आधी पटाशी कशी टेकवलीत ते बघा.

गाउज (पन्हळीसारखी खोलगट पटाशी) असो की स्क्यू (तिरक्या धारेची सपाट पटाशी), धारेच्या मागचा घासलेला उतार आधी लाकडाला लागला पाहिजे. हत्यार टूल रेस्टवर (हत्यार टेकवायच्या आडव्या पट्टीवर) ठेवा, उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू द्या, मग मूठ हळूहळू वर उचला. धार लागली की वळत वळत लांब कीस सुटतो. धारच आधी लावलीत तर तिला मागून टेकू राहत नाही आणि लाकूड तिला आत ओढतं.

स्क्यूने खांबी गुळगुळीत करताना एक जास्तीचा धोका असतो. त्याचं लांब टोक वर ठेवून धारेच्या मधल्या आणि खालच्या भागानेच कापायचं. कापणारी जागा वर सरकून टोक लाकडाला लागलं की पटाशी उलटलीच म्हणून समजा. खांबीवर कापत जायचं ते जाड भागाकडून बारीक भागाकडे. उलट गेलात तर लाकडाच्या रेषा उचकटतात.

रफिंग गाउज (चौकोनी लाकूड आधी गोल करायचा रुंद गाउज) वाडग्यावर मात्र कधीही लावू नका. मुठीत शिरणारी त्याची शेपटी बारीक असते. वाडग्यात दर फेऱ्याला दोनदा लाकडाच्या रेषांची टोकं समोर येतात, झटका बसला तर ती शेपटी मोडते आणि पातं उडतं. वाडग्यासाठी बाउल गाउजच हवा.

स्क्रेपरची गोष्ट वेगळी. त्याची मूठ किंचित वर आणि धार खाली झुकलेली ठेवायची, कारण तो धारेवरच्या बारीक बरीने (घासताना उठलेल्या पोलादाच्या कोरीने) खरवडतो.

किसाऐवजी पूड पडू लागली तर जोर वाढवू नका, धार लावा. साध्या कार्बन पोलादाचं पातं ग्राइंडरवर निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला. म्हणून ते वारंवार पाण्यात बुडवत घासावं. हायस्पीड स्टील (उष्णता सोसणारं मिश्र पोलाद) तापलेलं असताना पाण्यात बुडवू नका, सूक्ष्म तडे जातात.

टूल रेस्ट लाकडापासून ३ ते ६ मिमीवर ठेवा. लाकूड उतरत जातं तशी फट वाढते, हे विसरायला होतं. रेस्ट सरकवायचा तो लेथ पूर्ण थांबवूनच. मग लाकूड एकदा हाताने फिरवून बघा, कुठे अडत नाही ना, आणि मगच बटण दाबा.