जुन्या छायाचित्रांवरून युद्धकाळातील हवाई दलाच्या प्रशिक्षणाचा शोध

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फौजेची परंपरा मोठी आहे आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे जुन्या ट्रंकेतला गणवेशातील कोणताही फोटो घरात ‘पलटणीतला’ म्हणूनच ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात गेलेल्या आजोबांची किंवा चुलत्यांची ओळख त्यात अनेकदा हरवते. तिचा शोध घ्यायचा असेल तर फोटोत प्रत्यक्ष काय दिसते आणि घरात काय सांगितले जाते, या दोन गोष्टींची टिपणे सुरुवातीपासून वेगवेगळ्या वहीत ठेवावीत.

सर्वांत आधी फोटोची मागची बाजू पाहावी. फोटो अल्बमच्या कागदाला चिकटलेला असल्यास तो ओढू नये. पानासकट स्कॅन करावा. फ्रेममधला फोटो मात्र सावकाश बाहेर काढावा, कारण प्रशिक्षण तुकडीच्या समूहचित्राखालील पुठ्ठ्यावर तुकडीचे व माणसांचे नाव छापलेले असू शकते आणि फ्रेम करताना ती पट्टी आत दुमडली जाते. मागचा मजकूर मोडीत असेल तर तो घाईने लावू नये. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला मूळ फोटो न देता स्कॅन दाखवावा. तारीख शके १८६५ अशी असल्यास त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन १९४३ येतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या मितीसाठी ७९ मिळवावेत. खानापूरकडच्या पावसाळ्यात हे काम टाळलेलेच बरे, कारण दमट हवेत फोटोचा थर मऊ पडून बोटांचे ठसे उमटतात. लॅमिनेशन तर कधीच करू नये.

त्यानंतर भिंगातून गणवेश पाहावा. टोपीच्या पुढच्या भागात पांढरी पट्टी असेल तर तो तरुण हवाई कर्मचाऱ्याचे प्रशिक्षण घेत होता. छातीवर डाव्या खिशाच्या वर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख वैमानिकाचे. एकच पंख असेल तर तो वैमानिकाबरोबर उडणारा ऑब्झर्व्हर (निरीक्षक), नेव्हिगेटर (मार्गदर्शक) किंवा एअर गनर (विमानातील बंदूक चालवणारा) असावा, आणि पंखाच्या मुळाशी असलेल्या अक्षरावरून त्याचा निर्णय करता येतो. पांढरी पट्टी आहे पण पंख नाहीत, असा फोटो प्रशिक्षण पुरे होण्याआधीचा ठरतो. दोन्ही नसतील तर निराश होऊ नये. विमाने उडती ठेवणारे मेकॅनिक, वायरलेसवाले आणि शस्त्रास्त्रे सांभाळणारे जवान संख्येने वैमानिकांपेक्षा कितीतरी अधिक होते, आणि त्यांचे प्रशिक्षण तितक्याच आदराने नोंदवले पाहिजे.

मागे विमान असेल तर शोध बराच पुढे सरकतो. भारतात वैमानिकाचे शिक्षण टप्प्याटप्प्याने होई: प्राथमिक वर्ग लाहोरजवळ वॉल्टन येथे व पुढे पुण्यात, पहिले उड्डाण बेगमपेठ किंवा जोधपूर येथे टायगर मॉथवर, आणि त्यानंतर अंबाला. दुहेरी पंखांचे (एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेले), दोन उघड्या आसनांचे लहान विमान बहुधा टायगर मॉथ असते. अंबाल्यास आरंभी हार्ट व ऑडॅक्स ही मोठी दुपंखी विमाने होती, तर नंतर काचेचे छत असलेले एकपंखी हार्वर्ड आले. विमानावरील गोल चिन्हाचा मध्य पांढरा किंवा फिकट दिसत असेल, तर फोटो बहुतेक १९४२ च्या मध्यानंतरचा असतो, कारण जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून जपानविरुद्धच्या आघाडीवर मधला लाल रंग काढण्यात आला. मध्य गडद दिसला म्हणून फोटो आधीचाच, असे मात्र म्हणता येत नाही. बेळगावजवळच्या सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची असली, तरी तेथे हवाई दलाचे प्रशिक्षण पुढेही चालत आले आहे. म्हणून केवळ सांबरा या नावावरून फोटो युद्धकाळातला ठरवू नये.

शेवटी कागदांकडे वळावे. फ्लाइंग लॉग बुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, सापडले तर तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा क्रमांक आणि शिक्षकाचे नाव ओळीने मिळते; फोटोतल्या विमानावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. अधिकाऱ्यांच्या नेमणुका भारत सरकारच्या राजपत्रात छापल्या जात, आणि तेथे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे असण्याची शक्यता धरावी. त्या वेळी बेळगाव मुंबई प्रांतात असल्यामुळे पत्ताही त्याच प्रांताखाली शोधावा. जवानांच्या नोंदींसाठी दिल्लीतील हवाई दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला वारसाने पत्र लिहावे. त्यात सेवा क्रमांक, वडिलांसह पूर्ण नाव, जन्मगाव आणि नात्याचा पुरावा द्यावा, आणि सोबत फोटोची फक्त प्रत जोडावी.